काउंटीने जागा घेतली, आता तिथे मैदानं की रान? (न्यू जर्सीकरांनो, मतं हवी आहेत)

रानवाट

नमस्कार मंडळी,

आमच्या काउंटीने (म्हणजे इथल्या जिल्ह्याने; मध्य जर्सी) दोन जुनी शेतं मिळून एक मोठी जागा विकत घेतली आहे. मागे ओक आणि बीच या झाडांचं रान, मधून ओढा, ओढ्याकाठी पाणथळ, आणि रस्त्याच्या अंगाला बरीच वर्षं नांगर न लागलेला गवताळ माळ. या जागेचं काय करायचं यावर पुढच्या महिन्यात जनसुनावणी आहे. गावात आत्ताच दोन तट पडलेत. एकाला क्रिकेट-सॉकरची मैदानं, दिव्यांचे खांब आणि मोठं पार्किंग हवं आहे. दुसऱ्याला जागा 'पॅसिव्ह रिक्रिएशन'साठी राखायची आहे. म्हणजे चालणं, पक्षी बघणं, पोरांना ओढ्यात दगड टाकू देणं, नुसतं बसणं. त्यासाठी लागतील तेवढ्या पायवाटा नि बाकं करायची आणि बाकीच्या जमिनीला हात लावायचा नाही. मी दुसऱ्या तटात आहे.

काउंटीने पार्क करायचे ही कल्पना आपल्या जर्सीतच रुजली. १८९५ साली एसेक्स काउंटीत पार्क कमिशन स्थापन झालं, ते अमेरिकेतलं पहिलं काउंटी पार्क कमिशन. नेवार्क तेव्हा कारखान्यांचं, दाटीवाटीचं शहर होतं. डोंगराची रांग नि ओढे कुठल्या एका गावाच्या हद्दीत मावत नाहीत, त्यामुळे काम काउंटीच्या पातळीवर करायचं ठरलं. ब्रांच ब्रूक पार्क आपल्यापैकी बहुतेकांनी एप्रिलमध्ये पाहिलेला असतो. १९२७ मध्ये कॅरोलाइन बॅम्बर्गर फुल्ड यांनी दिलेल्या दोन हजार चेरीच्या झाडांपासून सुरुवात झाली, आज तिथे पाच हजारांहून जास्त झाडं आहेत.

मला मात्र त्या कमिशनच्या लोकांचं दुसरं काम जास्त मोठं वाटतं. शहरात बाग सजवत असतानाच त्यांनी पश्चिमेची डोंगररांग विकत घ्यायला सुरुवात केली. साउथ माउंटन रिझर्वेशन (राखीव रान), दोन हजार एकरांहून मोठं. ईगल रॉक वेगळंच. त्या काळी तिथे घरांची गर्दी नव्हती, त्यामुळे 'रान राखायला पैसे कशाला' असं म्हणणं सोपं होतं. आज नकाशा उघडून बघा, चहूबाजूंनी वस्ती आणि मध्ये तो हिरवा पट्टा. हेमलॉक फॉल्सच्या वाटेवर गेलात तर गाड्यांचा आवाज मागे पडतो, नि हे मॅनहॅटनच्या इतक्या जवळ! ज्यांनी तेव्हा ती खरेदी केली त्यांचे उपकार आपण रोज घेतो.

पैशांचंही सांगते, कारण सुनावणीत तो मुद्दा येणारच. १९६१ मध्ये राज्यात ग्रीन एकर्स योजना आली. जमीन राखण्यासाठी मतदारांनी कर्जरोख्यांना मंजुरी दिली आणि पुढेही पुन्हा पुन्हा देत आले. शिवाय आज राज्याच्या सगळ्या २१ काउंट्यांमध्ये मोकळ्या जमिनीसाठी वेगळा कर आहे, तोही मतदारांनीच मान्य केलेला. प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात 'ओपन स्पेस'ची ती ओळ बघा. ही जागा आपल्याच पैशांतून आली आहे, तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा हक्क आपला आहे, आणि तरीही अशा सुनावण्यांना देशी चेहरे फार कमी दिसतात.

माझा मुख्य मुद्दा एवढाच: रान राखलं तर वीस वर्षांनी तिथल्या लोकांना निर्णय बदलता येईल. एकदा सपाटीकरण केलं, ओढा पाइपात घातला, दिवे लावले, की परत फिरता येत नाही. शंभर वर्षांचा ओक लावून मिळत नाही.

मार्चअखेर संध्याकाळी मी त्या माळाच्या कडेला उभी होते. अंधारून आलं तसा गवतातून 'पींट, पींट' असा नाकातला आवाज यायला लागला. वुडकॉक पक्ष्याचा नर. मग तो उडाला, वर वर गोल चकरा घेत पार ठिपका झाला, आणि किलबिलत, हेलकावे घेत उतरला तो बरोब्बर उडाला होता त्याच जागी! त्याला असाच माळ लागतो, आखूड गवताचा, कडेला झुडपं नि ओलसर जमीन. तिथे दिवे लागले की तो येणं बंद होणार.

तुमच्या काउंटीत काय अनुभव आहे? सुनावणीत काय मांडावं? सविस्तर लिहा.

---

मटचनकर

उत्तम धागा. मिडलसेक्स ग्रीनवेचं उदाहरण जरूर द्या. लीहाय व्हॅली रेल्वेचा जुना फाटा, आता चालायची वाट, साडेतीन मैल, मटचन-एडिसन-वुडब्रिज असा जातो. २०१२ मध्ये खुला झाला. रुंदी म्हणाल तर जेमतेम एका रुळमार्गाएवढी, पण संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर कार न काढता थेट झाडांखाली जाता येतं. दोन्ही बाजूंना घरांची परसं आहेत, आणि चालताना गुजराती, तेलुगू, मराठी, स्पॅनिश सगळं कानावर पडतं. मोठ्या रिझर्वेशनला आपण महिन्यातून एकदा जातो, या पट्टीवर रोज. दोन्ही लागतात, हे काउंटीला सांगा.

---

बॅकफूट_ड्राइव्ह

मी पहिल्या तटातला. कुणीतरी आमची बाजूही मांडायला हवी.

आमच्या मुलांच्या टीमला सरावाला जागा नाही. एका पार्कात बेसबॉलच्या आउटफिल्डमध्ये चटई टाकून खेळायचो. परमिट नाही म्हणून उठवलं. परमिट मागायला गेलो तर क्रिकेट त्यांच्या फॉर्मवरच नाही. शनिवारी सकाळी दुसऱ्या गावी जायचं, तिथे तीन टीमा आधीच रांगेत. इतक्या वर्षांत आपली संख्या किती वाढली आणि आपल्या खेळासाठी काउंटीने काय केलं? टॅक्स आम्हीही भरतो. रान छान आहे, पण बारा वर्षांच्या मुलाला पक्षी बघायला नेऊन बघा. त्याला पळायचं असतं. जिथे मोकळा माळ आहे तिथे एक खेळपट्टी मागितली तर त्यात गैर काय?

---

रानवाट

गैर काहीच नाही, आणि परमिटच्या फॉर्मवर क्रिकेट नसणं हा अन्याय आहे. त्यासाठी पत्र लिहाल तेव्हा माझी सही घ्या. माझा विरोध याच जागेसाठी आहे.

---

कुदळफावडे

मी ट्रेल सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांत आहे (न्यूयॉर्क-न्यू जर्सी ट्रेल कॉन्फरन्स, १९२० पासूनची संस्था). 'नुसती पायवाट' म्हणताय, त्यावर थोडं लिहितो, कारण काउंट्या बहुतेक वेळा इथेच घसरतात.

वाट सरळ उतारावरून खाली काढली की दोन पावसाळ्यांत तिचा नाला होतो. पाणी वाटेवरूनच धावतं, माती वाहून जाते, मुळं उघडी पडतात. मग लोक चिखल टाळायला बाजूने चालतात आणि दोन फुटांची वाट बारा फुटांची होते. त्यामुळे वाट उताराला आडवी न्यायची. डोंगराचा जेवढा उतार, त्याच्या निम्म्याहून जास्त चढ वाटेला द्यायचा नाही. आणि वाटेची बाहेरची कड किंचित खाली ठेवायची म्हणजे पाणी आडवं निघून जातं. कड खाली आहे का, हे आम्ही वाटेवर बाटलीभर पाणी ओतून बघतो. ओघळ पायाखालून पुढे धावला तर पुन्हा खणायचं, बाजूला गेला तर पुढच्या तुकड्याला हात घालायचा. एका शनिवारी आठ-दहा माणसं मिळून फार तर काही शे फूट होतात.

पाणथळ भागात माती किंवा खडी टाकू देऊ नका. लाकडी ओंडक्यांवर फळ्या ठोकून बुटका पूल करतात, खालून पाणी वाहतं राहतं, बेडकांचं काही बिघडत नाही.

खुणांबद्दल: झाडावरचा रंगीत आयत म्हणजे वाट सुरू आहे. एकावर एक दोन आयत आणि वरचा जिकडे सरकलेला, तिकडे वळण. तीन असतील तर वाट सुरू होते किंवा संपते. नवीन मंडळींना हे कुणी सांगत नाही आणि मग हरवल्याच्या तक्रारी येतात. प्रवेशाशी एक फलक लावला तरी पुष्कळ.

---

आज्जी_सध्या_जर्सीत

मी नाशिकची. लेकीकडे सहा महिन्यांसाठी येते. तुमची चर्चा वाचून राहवलं नाही.

आमच्यासारख्यांना इथे दिवस फार मोठा जातो गं. मुलगी-जावई कामावर, नातवंडं शाळेत. गाडी येत नाही. चालत जाता येईल असा पार्क असला तर माणूस दिसतो. एडिसनच्या रूझवेल्ट पार्कात तळ्याभोवती फिरायला मी जायची, तिथे अशाच चार जणी भेटल्या. एक अमरावतीची, एक बडोद्याची. त्यांच्यामुळे मागचा मुक्काम सुखाचा गेला.

तेव्हा पार्क करताना तिथल्या लोकांना एवढं सांग: बाकं थोड्या थोड्या अंतरावर हवीत आणि त्यांना पाठ हवी, हात टेकायला दांडी हवी. बिनपाठीच्या बाकावरून गुडघे धरून उठता येत नाही. सावलीत हवीत. शौचालय वर्षभर उघडं हवं. नळ गोठतात म्हणून हिवाळ्यात कुलूप लावतात, पण ऊन असलं की आम्ही हिवाळ्यातही बाहेर पडतो. आणि रस्त्यापासून आतपर्यंत फुटपाथ हवा. पार्क सुंदर, पण पोचायला गाड्यांच्या रस्त्याच्या कडेने जीव मुठीत धरून चालायचं, असं नको.

---

रानवाट

आज्जी, हा प्रतिसाद मी भाषांतर करून सुनावणीत वाचून दाखवणार आहे. चालेल ना?

---

आज्जी_सध्या_जर्सीत

अगं वाच की. मीच येते, लेकीला सोडायला सांगते.

---

आराखडेवाला

मी नगररचनेत काम करतो (दुसऱ्या राज्यात आलोय आता, पण बरीच वर्षं जर्सीत होतो). काही गोष्टी स्पष्ट करतो.

१. जागा ग्रीन एकर्सच्या पैशातून घेतली असेल किंवा काउंटीने ग्रीन एकर्सकडून मदत घेतली असेल, तर ती मोकळ्या जागांच्या अधिकृत यादीत जाते. त्या यादीतली जमीन दुसऱ्या कामासाठी वळवायची तर राज्याची मंजुरी लागते, स्टेट हाउस कमिशनपुढे जावं लागतं आणि बदल्यात जमीन किंवा भरपाई द्यावी लागते. हे कवच भक्कम आहे. पण खेळाचं मैदान हाही करमणुकीचाच वापर. रान तोडून मैदान केलं तर 'जमीन वळवली' असं कायदा सहसा म्हणत नाही. लोकांचा इथे मोठा गैरसमज असतो. रान हवं असेल तर ते काउंटीच्या आराखड्यात लिहून घ्यावं लागतं. कुठला भाग अस्पर्श, कुठे पायवाट, कुठे गवत वर्षातून एकदाच आणि पक्ष्यांची वीण संपल्यावर कापायचं, हे नकाशावर रंगवून.

२. ओढ्याकाठचं पाणथळ १९८७ च्या राज्य कायद्याने संरक्षित आहे. पाणथळाच्या दर्जाप्रमाणे त्याच्याभोवती बहुतेक वेळा ५० किंवा १५० फुटांचा पट्टाही मोकळा ठेवावा लागतो. काउंटीकडे पाणथळाची अधिकृत आखणी मागा. ती आल्यावर मैदानाला प्रत्यक्षात किती जागा उरते ते कळेल. मध्यापासून सत्तर मीटरवर सीमारेषा धरली तर एका क्रिकेट मैदानाला चारेक एकर सपाट जमीन लागते, पार्किंग वेगळं.

३. 'घरं बांधली असती तर टॅक्स मिळाला असता' हे कुणीतरी म्हणेलच. घरं आली की मुलं येतात, शाळेचा खर्च येतो. देशभर झालेल्या हिशेबांत घरांकडून येणाऱ्या प्रत्येक डॉलरमागे सेवांवर डॉलरहून जास्त खर्च होतो आणि मोकळ्या जमिनीवर त्याहून पुष्कळ कमी, असंच दिसतं.

पुराचा मुद्दाही सोडू नका. २०२१ मध्ये आयडा वादळ आलं तेव्हा रॅरिटन नदीचं पाणी कुठे कुठे शिरलं ते तुम्ही पाहिलंय. नदीकाठचे पार्क बुडतात, गाळ बसतो, महिन्याभरात पुन्हा उघडतात. तिथे घरं असती तर? वुडब्रिज आणि सेअरव्हिलमध्ये सँडी वादळानंतर राज्याच्या ब्लू एकर्स योजनेतून पूरग्रस्त घरं मालकांच्या राजीखुशीने विकत घेऊन पाडली आणि ती जमीन नदीला मोकळी करून दिली. आधी बांधायचं आणि मग जास्त पैसे मोजून सोडवायचं, त्यापेक्षा ओढ्याकाठ आधीच राखणं किती स्वस्त!

---

मटचनकर

आराखडेवाला, मुद्दा १ बद्दल मनापासून आभार. मला वाटायचं यादीत गेलं की झालं.

---

सनीव्हेलकर

इकडे कॅलिफोर्नियात, सँटा क्लारा काउंटीत १९७२ मध्ये मतदारांनी पार्कसाठी वेगळा निधी चार्टरमध्येच (काउंटीच्या मूळ नियमावलीत) घातला, त्यामुळे दर वर्षीच्या बजेटमध्ये भांडावं लागत नाही. त्याच वर्षी मिडपेनिन्सुला ओपन स्पेस डिस्ट्रिक्टही मतदानाने झालं. डोंगर वाचले ते त्यामुळे.

पण गर्दीची तयारी ठेवा. इथल्या रांचो सान अँटोनिओ पार्कला रविवारी सकाळी पार्किंग मिळवून दाखवा! पहिल्या आराखड्यातच बसने नि सायकलने कसं येता येईल ते घाला. पार्किंग वाढवत नेलं की पार्क कमी होत जातो.

---

गार्गी_न

गोचिडींचं काय? लहान मुलं आहेत, गवताळ माळाचं वाचून खरं सांगते भीती वाटते. लाइम (गोचीड चावून होणारा आजार) झालेली दोन कुटुंबं ओळखीत आहेत.

---

कुदळफावडे

भीती रास्त आहे, जर्सीत लाइमचं प्रमाण खूप आहे. वाट पुरेशी रुंद ठेवून दोन्ही कडांचं गवत नियमित कापलं तर अंगाला गवत घासत नाही, निम्मी काळजी तिथेच मिटते. बाकी आपल्या हातात: फिके कपडे, पॅंट मोज्यात खोचलेली, बुटांवर परमेथ्रिन, कातडीवर डीट (दोन्ही गोचीड दूर ठेवणारी औषधं). घरी आल्यावर कपडे आधी ड्रायरमध्ये कडक तापवायचे, आणि मुलांच्या गुडघ्यामागे, कानामागे, केसांत बोटं फिरवून बघायचं. पिल्लू गोचीड खसखशीएवढी असते, नजरेने निसटते पण बोटाला लागते. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. तेल, जळती काडी असलं काही करायचं नाही.

याला जोडून हरणांचा प्रश्न येतो. हरणं इतकी वाढली आहेत की रानात नवं ओकचं रोप टिकत नाही. साउथ माउंटनमध्ये म्हणूनच रानाचे तुकडे कुंपण घालून बंद केलेत. आत गुडघ्याएवढी रोपं आणि रानफुलं, बाहेर जपानी स्टिल्टग्रास नावाचं तण. कुंपणाशी उभं राहून दोन्हीकडे बघा, वेगळं सांगावं लागत नाही. एसेक्स काउंटीने २००८ पासून हरणांची संख्या कमी करण्याचा कार्यक्रम घेतला, त्यावर वाद झाले. मला स्वतःला ते वेदनादायक पण गरजेचं वाटतं. रान राखायचं म्हणजे कुलूप लावून निघून जायचं नाही, दर वर्षी तिथे माणूस आणि पैसा लागतो. सुनावणीत देखभालीच्या तरतुदीचं विचाराच.

---

कोथरूडची_चिमणी

पुण्यात बसून हे सगळं वाचतेय. इथे वेताळ टेकडीवर रोज सकाळी जाते. बालभारती-पौड फाटा रस्ता टेकडीवरून न्यायचा प्रस्ताव आहे, त्याविरुद्ध आम्ही मोर्चे काढले, हरकती नोंदवल्या. टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे, पण त्यातली बरीच जमीन खासगी मालकीची, आणि मोबदला कसा द्यायचा यावर वर्षानुवर्षं घोळ. आरक्षण कागदावर नि पायथ्याशी बांधकामं. तुमच्याकडे आधी जमीन विकत घेतात, मग चर्चा करतात, हे वाचून हेवा वाटला. करात एक ओळ टाकून टेकड्या विकत घ्यायच्या का, असं पुणेकरांना थेट विचारलं तर मी आनंदाने हो म्हणेन.

---

दवबिंदू

ईस्ट ब्रन्सविकची गोष्ट सांगते. वसंताच्या सुरुवातीला, पहिल्या उबदार पावसाच्या रात्री सॅलॅमँडर आणि बेडूक रान सोडून तात्पुरत्या डबक्यांकडे अंडी घालायला जातात. मध्ये बीकमन रोड येतो. टाउनशिप तो रस्ता अशा काही रात्री गाड्यांना बंद ठेवते, आणि लोक टॉर्च घेऊन पायी बघायला जातात. आम्ही मुलांना घेऊन गेलो. माझ्या धाकट्याच्या बुटासमोरून एक ठिपक्यांचा सॅलॅमँडर गेला, काळाकुळकुळीत, अंगावर पिवळे ठिपके, ओला चकचकीत. तो श्वास रोखून उभा राहिला. बॅकफूट दादा, बारा वर्षांच्या मुलाचं तुम्ही म्हणालात म्हणून मुद्दाम लिहिलं. माझा थोरला बारा वर्षांचाच आहे आणि क्रिकेटही खेळतो.

त्या डबक्यांत मासे नसतात, उन्हाळ्यात ती आटतात, म्हणूनच अंडी वाचतात. रानवाट, तुमच्या जागेत अशी डबकी आहेत का बघा. एप्रिलमध्ये दिसतील. असतील तर फोटो आणि जागा नोंदवून काउंटीला द्या. जुलैत सर्व्हे करणाऱ्याला तिथे नुसता पालापाचोळा दिसेल.

---

बॅकफूट_ड्राइव्ह

वाचलं सगळं. आराखडेवाला यांचा चार एकरांचा हिशेब बरोबर आहे, आणि पाणथळाचा पट्टा सोडला तर या जागेत मैदान बसलंच तर बरोब्बर त्या माळावर बसेल हे मलाही दिसतंय. तरी माझी मागणी मी सोडणार नाही. काउंटीच्या ताब्यात आधीच सपाट, गवत कापलेली, आठवड्यातून चार दिवस रिकामी असणारी मैदानं आहेत. त्यांपैकी दोन ठिकाणी क्रिकेटची खेळपट्टी द्या आणि परमिटच्या फॉर्मवर आमचा खेळ घाला, असं लेखी मिळालं तर या जागेसाठी मी हट्ट धरणार नाही. नाही मिळालं तर मी मैदानाच्या बाजूनेच बोलेन.

---

रानवाट

दादा, याहून जास्त मी मागूच शकत नाही. सुनावणीत दोन्ही मागण्या एकत्र मांडू: हा माळ आणि रान आराखड्यात राखीव, आणि आहे त्या मैदानांवर क्रिकेट. वेगवेगळे गेलो तर काउंटी आपल्याला एकमेकांसमोर उभं करेल.

पत्राचा मसुदा असा धरलाय. पाणथळाची अधिकृत आखणी आधी जाहीर करा. रान आणि ओढ्याकाठ नकाशावर राखीव दाखवा. माळावर दिवे नकोत, गवत वर्षातून एकदा, वीण संपल्यावर. एक वळसा व्हीलचेअर आणि बाबागाडी जाईल असा, कमी उताराचा नि घट्ट दाबलेल्या दगडी भुकटीचा, बाकी वाटा मातीच्या. पाठीची बाकं, वर्षभर उघडं शौचालय, रस्त्यापासून फुटपाथ. हरणं आणि तण यांसाठी दर वर्षी ठरलेली रक्कम. डबकी शोधायला या रविवारी सकाळी जाते आहे, कुणाला यायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पॅंट मोज्यात खोचून या.

बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. कुदळफावडे, वाटांबद्दल तुम्ही बोलाल का? आज्जी बाकांवर बोलतील. बॅकफूट दादा, तुम्ही क्रिकेटचं मांडा, मी लगेच तुमच्या मागे बोलते.

---

कुदळफावडे

बोलतो. जागेचा उंचसखल नकाशा मिळाला तर पाठवा, वाट कुठून काढता येईल ते आखूनच आणतो.

---

बॅकफूट_ड्राइव्ह

येतोय. टीमचे आणखी सहा-सात पालक आणतो. रिकाम्या मैदानांची यादी कुणाकडे आहे का?

---

मटचनकर

माझ्याकडे आहे. काउंटीच्या साइटवर परमिटचं वेळापत्रक असतं, त्यावरून काढली आहे. व्यनि करतो.